संगणकाची पेटी आणि हमीची चिठ्ठी

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें जळगाव जामोद हें वऱ्हाडांतील तालुक्याचें गांव. विहिरीवरची मोट असो कीं बैलगाडीचा आंस असो, बिघडलेली वस्तु उघडून पाहण्यास येथें पूर्वीं कोणाची परवानगी लागत नसे. आज त्याच गांवांतील एखाद्या गृहस्थाचा मेजावरील संगणक मंद चालूं लागला, तर पेटीच्या सांध्यावरील ‘काढल्यास हमी रद्द’ ही चिठ्ठी पाहून त्याचा हात आंखडतो. ही भीति आली कोठून?

संगणकाच्या जन्मवृत्तांतांत तिला आधार नाहीं. १९७५ सालीं अमेरिकेंत निघालेला अल्टेअर हा सुट्या भागांच्या रूपानेंही मिळे. जोडणी गिऱ्हाइकानें करावयाची. १९७७ च्या ॲपल-२ चें झांकण हातानें निघे आणि आंत नव्या भागांसाठीं आठ खांचा असत. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आय. बी. एम. नें आपला संगणक जाहीर केला, त्यांत अशा पांच खांचा होत्या. स्मृति १६ किलोबाइटांपासून पुढें वाढवितां येई. या यंत्राची रचना कंपनीनेंच ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. त्यामुळें त्यास जुळणारे भाग इतरांस करतां आले, व पुढें मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन संगणक जुळविणें हा एक व्यवसायच होऊन बसला.

चिठ्ठीचें बळही सर्वत्र सारखें नाहीं. विशिष्ट कंपनीचेच भाग वापरण्याच्या अटीवर हमी देण्यास अमेरिकेंत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानें सामान्यतः मनाई केली. २०१८ सालीं तेथील व्यापार आयोगानें अशा अटींबद्दल सहा कंपन्यांस ताकीद दिली. आपल्याकडे केंद्र सरकारनें २०२२ सालीं ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विचार करण्यासाठीं समिती नेमली. परंतु समिती म्हणजे कायदा नव्हे. म्हणून हमीपत्रांतील अटी आधीं वाचणें हेंच शहाणपण.

कित्येक कंपन्या स्मृति, म्हणजे रॅम, स्वतः बदलण्याची कृति आपल्या पुस्तिकेंतच देतात. तशी मुभा असेल तर वीज तोडावी, धातूच्या सांगाड्यास स्पर्श करून अंगांतील स्थिर विद्युत् घालवावी, जुळणारा भाग बसवावा व मूळचा भाग पावतीसह जपून ठेवावा. नव्या भागाची हमी त्याच्या निर्मात्याकडे, मूळ यंत्राची त्याच्या कंपनीकडे. आणि आपल्या हातून कांहीं मोडलें तर तें नुकसान आपलें. एवढा न्याय उभय पक्षांस मान्य होण्यास हरकत नसावी.

ज्या घरांत ही पेटी कधींच उघडली जात नाहीं, त्या घरांतील मुलांस संगणक वापरतां येईल. तो कळणें मात्र कठीण.