प्रधानमल्ल कोणाला म्हणावे? हेवीवेटचे गणित आणि गणपतराव आंदळकर

मंडळी, आजचा विषय कुस्तीचा असला तरी सुरुवात आम्ही शंकराचार्यांपासून करणार आहोत. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला एवढी सूट तुम्ही द्याल. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात आचार्य सांख्यांच्या प्रधानकारणवादाचे खंडन करतात, फार सविस्तर करतात, आणि मग परमाणुवादी वगैरे बाकीच्यांचे काय, असा प्रश्न येतो तेव्हा एका न्यायाचा आधार घेतात. त्या न्यायाचे नाव आहे प्रधानमल्लनिबर्हणन्याय. मुख्य मल्लाला पाडले की बाकीचे मल्ल पडलेच असे समजावे, त्यांच्याशी वेगळे लढायची गरज नाही. यात एक गंमतही आहे. सांख्यांच्या मूळ तत्त्वाचे नावच 'प्रधान', आणि पाडायचा तो मल्लही 'प्रधान'.

आता बघा, हा न्याय जसाच्या तसा बॉक्सिंगमध्ये चालतो. हेवीवेट चॅम्पियन म्हणजे कोण? जो आधीच्या चॅम्पियनला हरवतो तो. जॉन सुलिव्हनला १८९२ साली जेम्स कॉर्बेटने हरवले, किताब कॉर्बेटकडे गेला, मग त्याला हरवणाऱ्याकडे, आणि अशी ती गुरुपरंपरेसारखी माळ पुढे चालली. हेवीवेटला वरची वजनमर्यादा नसते, म्हणून या एका किताबाला 'जगातला सगळ्यांत ताकदवान माणूस' असा अर्थ चिकटला. बाकीच्या गटांतले विजेते कितीही कसबी असोत, लोकांच्या डोळ्यांत प्रधानमल्ल एकच.

पण न्याय दिसतो तेवढा सरळ नाही. त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. अ ने ब ला हरवले आणि ब ने क ला हरवले, तर अ क ला हरवेलच, हे पहिले गृहीतक. ते तर्कात बसते, आखाड्यात बसत नाही. जो लुईसचे उदाहरण घ्या. १९३७ ते १९४९ अशी जवळजवळ बारा वर्षे तो चॅम्पियन होता, पंचवीस वेळा त्याने किताब राखला. पण १९३६ साली जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत झोपवले होते. लुईस पुढच्या वर्षी ब्रॅडॉकला हरवून चॅम्पियन झाला, तरी त्याचे त्यालाच ते पुरे वाटेना. १९३८ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला त्याने श्मेलिंगला पहिल्याच फेरीत, दोन मिनिटे चार सेकंदांत संपवले, तेव्हा कुठे हिशेब मिटला.

दुसरे गृहीतक जास्त घातक आहे. मैदान सर्वांना खुले होते, हे ते गृहीतक. सुलिव्हन काळ्या प्रतिस्पर्ध्यांशी किताबासाठी लढतच नसे. पीटर जॅक्सनसारखा मोठा मुष्टियोद्धा बाहेरच राहिला. १९०८ साली जॅक जॉन्सन चॅम्पियन होईपर्यंत ही माळ निम्म्या जगाला वगळून ओवलेली होती. मग त्या काळच्या चॅम्पियनला प्रधानमल्ल म्हणायचे की नाही?

आपल्याकडचे असेच उदाहरण गामाचे. १९१० साली तो लंडनला गेला. उंची कमी म्हणून त्याला आधी स्पर्धेत घेईनात, तेव्हा त्याने जाहीर आव्हाने दिली. शेवटी १० सप्टेंबरला पोलंडच्या स्टॅनिस्लाउस झ्बिश्कोशी जोड लागली. झ्बिश्को अडीच तासांहून अधिक वेळ बहुतांशी पोटावर पडून राहिला, कुस्ती निकाली होईना. आठवड्याने पुन्हा लढायचे ठरले, तर तो आलाच नाही, आणि जॉन बुल पट्टा गामाला मिळाला. अमेरिकेचा फ्रँक गॉच मात्र त्याच्याशी कधी लढला नाही. १९२८ साली पतियाळात झ्बिश्को पुन्हा समोर आला तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत चितपट केले. मिनिटाच्या आत! अठरा वर्षे थांबून. असो.

आता मूळ विषयाकडे येऊ. महाराष्ट्रात हेवीवेटचा प्रधानमल्ल कोण, असे विचारले तर कोल्हापूरकर दहा नावे घेतील आणि त्यावरून भांडतील. आमचे मत गणपतराव आंदळकरांच्या बाजूने आहे. ते का, हे सांगण्यासाठीच आजचे व्याख्यान. इथे गोंदियात, झाडीपट्टीत, कोल्हापूर तसे दूरच. आपल्या आमदंगलीत नारळावरच्या कुस्त्या बघितलेल्या आपणा मंडळींना खासबागेतली पन्नास हजारांची गर्दी ऐकूनच ठाऊक. पण लांबून बघण्याचाही एक फायदा असतो, तालमीचा अभिमान आड येत नाही.

आंदळकरांचा जन्म १९३५ चा, सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यातील पुनवतचा. घडले कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत. हे कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी घडवलेले. महाराज १९०२ साली युरोपात गेले, तिथली जुनी रोमन रंगमैदाने त्यांच्या मनात बसली आणि त्यातून खासबागेचे मैदान उभे राहिले. १९१२ साली त्याच्या उद्घाटनाला गामाचा भाऊ इमामबक्ष लढला. म्हणजे पंजाब आणि कोल्हापूर यांचे नाते त्या मैदानाच्या पायातच आहे, ते लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रय गेला. पैलवानाचा खुराक, दूध, तूप, बदाम, हे सगळे आता तिकिटाच्या कुस्त्या, गावोगावच्या जत्रा, पुढे साखर कारखाने यांच्यावर आले. त्याच सुमारास खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणले. ते बँटम गटात, हेवीवेटचे नव्हे. त्यांच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांना आपले घर गहाण टाकावे लागले होते, एवढे सांगितले की त्या काळची व्यवस्था कळते.

अखिल भारतीय पातळीवर 'हिंदकेसरी' किताब सुरू झाला. १९५९ साली श्रीपती खंचनाळे महाराष्ट्राचे पहिले हिंदकेसरी झाले. ते सीमाभागातल्या एकसंब्याचे. १९६० साली आंदळकर. इथे आमची शंका बघा. 'हिंद' म्हणजे कोणता? गामा १९४७ नंतर लाहोरला राहिला, १९६० च्या मे महिन्यात वारला, म्हणजे आंदळकर हिंदकेसरी झाले त्याच वर्षी. ज्या घराण्यांनी अर्धे शतक या देशात कुस्ती गाजवली, ती घराणी सीमेपलीकडे गेली होती. म्हणजे सुलिव्हनच्या माळेसारखाच हाही किताब अर्ध्या मैदानाचा ठरायचा.

आंदळकरांची थोरवी आम्हाला दिसते ती इथे. सादिक पंजाबी आणि त्याच्या बरोबरीचे पाकिस्तानी मल्ल कोल्हापुरात येत, आणि आंदळकर त्यांच्याशी लढत. सरकारे एकमेकांशी बोलत नसतील तेव्हाही खासबागेच्या लाल मातीत दोघांची सलामी होत असे. किताबाने जे मैदान तोडले, ते त्या लढतींनी पुन्हा जोडले. प्रधानमल्ल म्हणवून घ्यायचे तर नुसता पट्टा पुरत नाही, पट्ट्याच्या बाहेर ठेवलेल्यांशीही लढावे लागते.

आता कसबाकडे येऊ, कारण 'ताकदवान' म्हटले की लोक अंगाकडेच बघतात. आपल्या मातीतल्या कुस्तीचे भांडवल काय? एकेरी पट, दुहेरी पट, म्हणजे पाय ओढून पाडणे. टांग मारणे. कलाजंग, म्हणजे समोरच्याच्या मांडीत हात घालून त्याला खांद्यावरून फिरवणे. घिस्सा, त्यात मागून लंगोट धरून रेटायचे. पुन्हा मातीत वेळेचे बंधन सैल, पाठ लागली तरच निकाल. गुण वगैरे भानगड नाही. एकतर चितपट, नाहीतर बरोबरीत सोडवलेली.

१९६२ साली जाकार्तात आशियाई स्पर्धा झाल्या. आंदळकर ९७ किलोच्या वरच्या गटात दोन्ही प्रकारांत उतरले. फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळाले. आणि ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण. हे उलटे आहे, मंडळी! ग्रीको-रोमनमध्ये कमरेच्या खाली हातच लावायचा नाही, पायांचा वापर करून डाव मारायचा नाही. म्हणजे पट गेला, टांग गेली, कलाजंग गेला. कपडा धरायचा नाही म्हणून घिस्साही गेला. मातीतल्या मल्लाच्या हातातली निम्मी शस्त्रे काढून घ्या आणि मग त्याला गादीवर सोडा, अशी ती स्थिती. उरते काय? पकड, मान, खांदे, कमरेवरची झोंबी, आणि समोरच्याचा तोल कुठे जातोय हे अंगाला अंग लागताच ओळखण्याची जाण. त्यावर सुवर्ण आले.

कोणी म्हणेल, आशियात त्या गटात फार मोठी स्पर्धा नव्हती. खरे आहे, जड वजनाच्या गटांत मल्ल नेहमीच थोडे असतात. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला आंदळकर गेले, तिथे पदक आले नाही. आम्ही हे झाकून ठेवत नाही. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पण जो माणूस आयुष्यभर मातीत लढला, तो तिशीच्या उंबरठ्यावर परक्या नियमांच्या खेळात उतरून आशियाचा विजेता होतो, याची तुलना आम्हाला सापडत नाही. जाकार्तालाच त्यांच्या शेजारच्या वजनगटात, ९७ किलोत, कवठेपिरानच्या मारुती मानेंनी नेमके उलटे केले, फ्रीस्टाइलला सुवर्ण आणि ग्रीको-रोमनला रौप्य. ते १९६४ साली हिंदकेसरी झाले. दोघेही आजच्या सांगली जिल्ह्यातले. मानेंचे चाहते आमच्यावर रागावतील. रागावोत. फ्रीस्टाइल मातीला जवळची आहे, एवढेच आमचे म्हणणे.

मग प्रश्न येतो, आंदळकर मोठे की गामा? की नंतरचे कोणी? असल्या प्रश्नांचे काय होते, त्याची एक खरी गोष्ट आहे. १९६९ साली अमेरिकेत रॉकी मार्सियानो आणि मुहम्मद अली यांची लढत संगणकावर लावली. मार्सियानो एकोणपन्नास लढतींत अजिंक्य राहून निवृत्त झालेला, अलीवर सैन्यात जायला नकार दिल्यामुळे बंदी. दोघांना स्टुडिओत आणून खोटे खोटे लढवले, चित्रीकरण केले. मार्सियानोने टक्कल झाकायला टोप घातला होता. चित्रपट दाखवायच्या आधीच तो विमान अपघातात गेला. अमेरिकेत दाखवलेल्या चित्रपटात मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकतो. युरोपात दाखवलेल्या चित्रपटात अली जिंकतो. संगणक तोच, प्रेक्षक वेगळे.

आमच्या मते त्या प्रश्नाला उत्तर नसते, कारण प्रत्येक मल्ल आपल्या काळाच्या मैदानाशी बांधलेला असतो. विचारायचे ते इतकेच, की त्याच्या काळात मैदान केवढे होते आणि त्यातले किती त्याने तुडवले. लुईसने बारा वर्षे कोणालाही नाही म्हटले नाही. गामाने गॉचला हाक मारली, गॉच आला नाही, यात दोष गामाचा नव्हे. आंदळकरांच्या बाबतीत माती आणि गादी, हिंद आणि पंजाब, दोन्ही सीमा त्यांनी ओलांडल्या.

एक अडचण मात्र राहते आणि ती इतिहासाची आहे. बॉक्सिंगची प्रत्येक फेरी कागदावर आहे, सेकंदांसकट. खासबागेतल्या कुस्त्या हलगीच्या ठेक्यात झाल्या आणि बघणाऱ्यांच्या डोळ्यांत राहिल्या. बघणारे आता ऐंशी-नव्वदीत आहेत. तुमच्यापैकी कोणाच्या घरात त्या काळी नोकरीनिमित्त कोल्हापूर-सांगलीकडे राहिलेले आजोबा असतील, तर त्यांना विचारा, डाव कोणता लागला, किती वेळ लागला, आणि लिहून ठेवा. सनावळी चुकली तरी चालेल, डाव चुकायला नको.

लढणे थांबल्यावर आंदळकर मोतीबागेतच वस्ताद झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दादू चौगुले १९७३ साली रुस्तुम-ए-हिंद झाले आणि १९७४ च्या ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हेवीवेटमध्येच रौप्यपदक घेऊन आले. १६ सप्टेंबर २०१८ रोजी आंदळकर गेले, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी. त्यानंतर वर्षाभराने, २०१९ च्या ऑक्टोबरात, दादूही गेले.