झाडाची साक्ष
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

भर चौकात दोन मोटारी एकमेकींना घासल्या, की पुढचे संवाद सगळ्या गावांत सारखेच असतात. ‘दिसत नाही का?’, ‘हात कुठे दाखवलास?’, ‘आधी ब्रेक कोणी मारला?’ जमलेली माणसं आपणहून पंच होतात आणि बहुतेकदा मोठ्या गाडीवाल्याला दोषी ठरवून मोकळी होतात. प्रश्न पत्र्याचा असेल तर तो तिथे, नाहीतर गॅरेजमध्ये मिटतो. माणूस गेला असेल, तर मात्र ‘चूक कोणाची?’ हा एकच प्रश्न त्याच्या बायकामुलांना वर्षानुवर्षं पुरतो. आपल्याकडच्या कायद्याने या प्रश्नाशी कशी झटापट केली, त्याची ही हकिकत.

मोटारी नव्या होत्या तेव्हा अपघातात गेलेल्या माणसाच्या घरच्यांना १८५५ सालच्या, म्हणजे मोटारींच्याही आधीच्या, कायद्याखाली दिवाणी दावा लावावा लागे. कोर्ट फी भरा, साक्षीदार शोधा, ड्रायव्हरचा निष्काळजीपणा सिद्ध करा. एवढं करून हुकूमनामा मिळाला, तरी समोरच्याकडे पैसे नसले तर तो कागद घरी ठेवायचा. म्हणून इंग्लंडने १९३० साली मोटारीचा विमा सक्तीचा केला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ती तरतूद आली आणि १ जुलै १९४६ पासून अमलात आली. हाच तो ‘थर्ड पार्टी’ विमा. पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा विमा कंपनी आणि तिसरा रस्त्यावरचा तुमच्याआमच्यासारखा माणूस. पुढे १९५६ च्या दुरुस्तीने या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं नेमण्याची सोय झाली. खर्च कमी झाला, वाट थोडी सोपी झाली. पण चूक सिद्ध करण्याचं ओझं दावेदाराच्याच डोक्यावर राहिलं.

ते ओझं किती जड होतं, हे पाहायला नागपूरहून पांढुर्ण्याकडे जाऊ. १८ डिसेंबर १९६० चा दिवस. एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीची मोटार कंपनीचाच मॅनेजर चालवत होता. सोबत एक गृहस्थ बसले होते. मोटार झाडावर आदळली आणि ते गृहस्थ गेले. रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती, त्यामुळे ‘त्याने कट मारला’ म्हणायलाही कोणी नव्हतं. अपघात कसा झाला हे त्यांच्या पत्नीने कोणाच्या तोंडून सांगायचं? त्या तर घरी होत्या.

न्यायाधिकरणाने भरपाई मंजूर केली. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मॅनेजरने गाडीत कोणाला बसवलं हा काही कंपनीच्या कामाचा भाग नव्हे, तेव्हा कंपनी जबाबदार नाही, असा त्यामागचा विचार. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २५ मार्च १९७७ रोजी निकाल लागला. म्हणजे अपघातानंतर सोळा वर्षांनी!

या निकालात न्यायमूर्तींनी काय केलं, तर जागेची मापं वाचली. रस्ता सरळ, पंधरा फूट रुंद. झाड रस्त्याच्या उजव्या कडेपासून चार फूट दूर. दोन्ही बाजूंची शेतं खालच्या पातळीवर. म्हणजे मोटार आपली बाजू सोडून उजवीकडे गेली, रस्त्याबाहेर चार फूट आली आणि तिथे जाऊन आदळली. धडक अशी की झाड जमिनीपासून नऊ इंचांवर उखडलं आणि इंजिन जागचं फूटभर मागे सरकलं. नीट चालवलेली गाडी सरळ रस्त्यावर असं करत नाही. घडलेली गोष्टच स्वतः बोलते, असं एक जुनं कायदेतत्त्व आहे. ते इथे लागू करून न्यायालय म्हणालं, की आता आपली चूक नव्हती हे समोरच्याने दाखवावं. मॅनेजर कंपनीच्याच कामाला निघाला होता, म्हणून कंपनीही जबाबदार ठरली. विमा कंपनीवरचा बोजा मात्र पॉलिसीतल्या मर्यादेप्रमाणे पंधरा हजारांपुरताच. खासगी मोटारीत फुकट बसलेला पाहुणा त्या कायद्याच्या सक्तीच्या विम्यात येत नव्हता, ही गोष्ट तेव्हा किती गाडीवाल्यांना ठाऊक असेल कोण जाणे.

गंमत अशी, की त्याच वर्षी जानेवारीत याच न्यायालयाने एका मोटार-लॉरी टकरीच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचं उदार मत खोडून काढलं होतं. निष्काळजीपणा सिद्ध न करताही भरपाई मिळावी, असं मुंबईचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की चूक सिद्ध झालीच पाहिजे. मात्र लॉरीत अचानक बिघाड झाला, हे नुसतं म्हणून चालणार नाही. पुरेशी काळजी घेतली होती हे मालकाने दाखवावं. जानेवारीत दार लोटलं आणि मार्चमध्ये फट ठेवली, असंच म्हणायचं.

ती फट १९८० मध्ये आणखी रुंदावली. दक्षिणेतली एक बस रात्री लोंबणाऱ्या विजेच्या तारेला लागली. सव्वीस जणांना इजा झाली, त्यांतले आठ जागीच गेले. फौजदारी खटल्यात ‘ही दैवी आपत्ती’ म्हणून ड्रायव्हर सुटला. मग भरपाई कशाची, असं मालकांनी विचारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते ऐकलं नाही. तुरुंगात पाठवायला लागणारा पुरावा वेगळा आणि भरपाईला लागणारा वेगळा, हे तेव्हा पक्कं झालं. आजही ‘ड्रायव्हर निर्दोष सुटला, आता काय मिळणार?’ म्हणून कित्येक घरं गप्प बसतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

शेवटी १९८२ मध्ये संसदेने चुकीचा प्रश्नच थोडा बाजूला ठेवला. चूक कोणाचीही असो, मृत्यूला पंधरा हजार आणि कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार. १९९४ पर्यंत हे आकडे पन्नास आणि पंचवीस हजारांवर गेले. त्याच साली वय आणि उत्पन्नावरून भरपाई काढण्याचा तक्ता कायद्यात आला. त्यात न कमावणाऱ्या माणसाचं वार्षिक उत्पन्न पंधरा हजार धरलं आणि घर चालवणाऱ्या बाईचं मोल नवऱ्याच्या कमाईच्या एक तृतीयांश! तक्त्यातल्या हिशेबाच्या चुका सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दाखवल्या, तरी तो कैक वर्षं तसाच राहिला. २००१ मध्ये टायर फुटून उलटलेल्या जीपखाली एक पादचारी गेला होता, त्या प्रकरणात न्यायालयाने ड्रायव्हरची चूक नसतानाही भरपाई दिली. त्यासाठी इंग्लंडमधल्या १८६८ सालच्या, खाणीत शिरलेल्या तलावाच्या पाण्याच्या खटल्याचा आधार घेतला.

२०१९ च्या दुरुस्तीनंतरचे नवे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. चूक सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख, गंभीर इजेला अडीच लाख. पण ते स्वीकारले, तर न्यायाधिकरणापुढचा मोठ्या रकमेचा दावा संपतो. कमावता माणूस गेलेल्या घराला मग ठरवावं लागतं, की पाच लाख घेऊन मोकळं व्हायचं की ‘चूक कोणाची’ या वाटेने जायचं. दावा सहा महिन्यांत लावण्याची १९९४ मध्ये गेलेली अटही परत आली. तिला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे.

दुसरी वाट धरणाऱ्यांच्या उपयोगाची एक गोष्ट या नियमांत आहे. तपासी पोलिसाने जागेवर जाऊन फोटो काढायचे, मापाबरहुकूम नकाशा करायचा, त्यात रस्त्याची रुंदी आणि गाड्यांची जागा दाखवायची आणि अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे व विमा कंपनीकडे धाडायची. या कागदांच्या नकला मागण्याचा हक्क घरच्यांना आहे.