भिवंडीच्या कापडाची खरी किंमत किती? वर्ध्याच्या एका ऑडिटरने ८० वर्षांपूर्वी शिकवलेला हिशोब

हल्ली साध्या टी-शर्टच्या लेबलवरही ‘सस्टेनेबल’ असं छापलेलं असतं. हा शब्द जगभर गाजला तो १९८७ साली, संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालामुळे. पण निसर्गाला न ओरबाडता धंदा कसा करायचा, यावर एक अख्खं पुस्तक त्याच्या ४२ वर्षं आधी लिहून झालं होतं. तेही जबलपूरच्या तुरुंगात. पुस्तकाचं नाव ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’, म्हणजे टिकून राहणारी अर्थव्यवस्था. लेखक जे. सी. कुमारप्पा. आणि त्यांची कर्मभूमी होती आपलं वर्धा.

कुमारप्पा मूळचे तमिळ ख्रिश्चन, जन्म ४ जानेवारी १८९२, तंजावर. लंडनला जाऊन हिशोबनीस झाले, मुंबईत ऑडिटर म्हणून बस्तान बसवलं. सूट-बूट, साहेबी राहणी. १९२७ मध्ये अमेरिकेला गेले, आधी सिराक्यूज आणि मग कोलंबिया विद्यापीठात शिकले. तिथे प्राध्यापक सेलिग्मन यांच्याकडे त्यांनी ब्रिटिश सरकारच्या जमाखर्चाचा अभ्यास केला, आणि भारत गरीब का आहे याचं उत्तर त्यांना थेट त्या वह्यांमध्येच सापडलं. १९२९ मध्ये ते हा प्रबंध घेऊन गांधीजींना भेटले. गांधीजींनी तो ‘यंग इंडिया’त क्रमशः छापला आणि ऑडिटरसाहेब खादीत आले.

खादीत आले तरी हिशोबाची सवय काही गेली नाही. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशोब त्यांच्याकडे होते. तेव्हाचा किस्सा सांगितला जातो की, बैठकीसाठी आलेल्या गांधीजी आणि त्यांच्यासोबतच्या मंडळींचा खर्च निधीतून द्यायला त्यांनी नकार दिला. पैसा भूकंपग्रस्तांचा, तर खर्चही भूकंपग्रस्तांवरच.

त्याच वर्षी डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, म्हणजेच मगनवाडीत, त्याचं बस्तान बसलं आणि कुमारप्पा सचिव झाले. तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन, कमी धुराची मगन चूल असे प्रयोग तिथे चालत. हे सगळं नुसतं गांधीवादी साधेपणाचं वेड वाटू शकतं. पण त्यामागे एक कडक हिशोब होता.

कुमारप्पांनी निसर्गात पाच प्रकारचे व्यवहार पाहिले. पहिला परजीवी, म्हणजे बांडगूळ ज्या झाडावर वाढतं त्यालाच शोषतं. दुसरा लुटारू, म्हणजे माकड आंब्याच्या बागेत शिरतं, फळं खातं, पण ना झाड लावतं ना पाणी घालतं. तिसरा उद्यमी, म्हणजे मधमाशी फुलातून मकरंद नेते, पण जाता जाता परागीभवन करून फुलाचंही काम करून देते. चौथ्यात तीच मधमाशी स्वतःपुरतं न पाहता अख्ख्या पोळ्यासाठी राबते. पाचवा आईचा, परतफेडीची अपेक्षा न ठेवता पिल्लाला भरवणारा. धंदा टिकाऊ आहे की नाही, हे त्यांच्या लेखी नफ्यावरून ठरत नव्हतं. धंदा माकडासारखा चालतो की मधमाशीसारखा, यावरून ठरत होतं.

दुसरा भेद त्यांनी साठा आणि प्रवाह यांत केला. कोळसा, तेल, खनिजं हा साठा. जेवढा वापराल तेवढा घटणार, आणि घटत्या साठ्यासाठी देश एकमेकांशी लढणार. जंगल, शेती, ऊन, वारा हा प्रवाह. नीट वापरला तर आटत नाही. हे १९४५ मधलं लिखाण आहे, दुसरं महायुद्ध संपतानाचं.

आता भिवंडी. ठाण्याजवळचं हे गाव विणकरांचं. १८५७ नंतर उत्तर भारतातून आलेले मोमीन विणकर इथे हातमाग चालवायचे. वीज आली आणि १९३० च्या दशकात यंत्रमाग खडखडायला लागले, म्हणजे वर्ध्यात ग्रामोद्योग संघ उभा राहत होता त्याच सुमारास. पुढे १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, गिरण्या थंडावल्या आणि भिवंडीतले माग आणखी वाढले.

इथे कुमारप्पांच्या विचारालाच एक पेच पडतो. त्यांना मोठी, एकवटलेली गिरणी नको होती. छोटे, विखुरलेले उद्योग हवे होते. भिवंडी अगदी तशीच आहे की! एकेका गाळ्यात थोडेथोडकेच माग. मालकही छोटा, बऱ्याचदा कर्जात बुडालेला. मग भिवंडी टिकाऊ का नाही?

कारण माग छोटा असला तरी दोरी दुसऱ्याच्या हातात आहे. बराचसा धंदा जॉब वर्कचा. सूत व्यापारी देतो, मागवाला विणून देतो आणि मजुरी घेतो. कामगार बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला, बारा-बारा तासांच्या पाळीत, विणेल तेवढ्या कापडाचे पैसे. सुताचा भाव, कापडाचा भाव, मागणी, यातलं काहीच मागवाल्याच्या हातात नाही. त्यामुळे त्याच्याकडे खर्च वाचवायचे मार्ग दोनच उरतात. एक तर माणसाला कमी द्यायचं, नाहीतर निसर्गावर ढकलायचं.

ढकलतात कसं, ते सायझिंगमध्ये दिसतं. मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला खळ द्यावी लागते, नाहीतर धागा तुटतो. खळ शिजवायला आणि सूत वाळवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरला स्वस्त जळण. लाकूड, कोळसा आणि कधी चिंध्या-कचराही. या धुराच्या तक्रारी भिवंडीकरांना नव्या नाहीत. रंगाईचं सांडपाणी नाल्यातून कामवारी नदीला मिळतं, तिची अवस्था पुलावरून जाताना दिसतेच. छोट्या युनिटला स्वतःचा शुद्धीकरण प्रकल्प परवडत नाही हे खरं आहे. पण त्यामुळे नदीचं बिल रद्द होत नाही, ते काठावर राहणाऱ्याच्या नावावर चढतं.

आणि गोष्ट भिवंडीतच संपत नाही. इथे विणलेलं बरंचसं ग्रे कापड, म्हणजे न धुतलेलं, न रंगवलेलं, राजस्थानात पाली आणि बालोतऱ्याला प्रक्रियेला जातं. पालीची बांडी आणि बालोतऱ्याची लूनी या नद्या कापडाच्या सांडपाण्यासाठी बदनाम आहेत. म्हणजे शर्टाच्या किमतीत जे लिहिलेलं नाही, ते दोन राज्यांतल्या नद्यांनी भरलेलं आहे.

कुमारप्पांनी हेच कोकोच्या डब्यावरून दाखवलं होतं. आफ्रिकेतल्या मळ्यात सक्तीच्या मजुरीने पिकलेला कोको, बंदुकीच्या धाकाने राखलेल्या समुद्रमार्गाने येतो. तो डबा विकत घेणारा त्या सगळ्यात भागीदार होतो, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक निर्दोष नाही, हा मुद्दा आजच्या फॅशनच्या चर्चेत नवा म्हणून सांगितला जातो. तो नवा नाही.

अर्थात त्यांचं उत्तर जसंच्या तसं लागू पडणार नाही. सगळ्यांनी खादी घालावी म्हटलं तर भिवंडीच्या मागांवर पोट असणाऱ्या लाखोंचं काय, हे खादीवाल्यांनी कधी नीट सांगितलेलं नाही. नेहरूंच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय नियोजन समितीतून कुमारप्पा काही महिन्यांतच बाहेर पडले, आणि स्वतंत्र भारताने मोठ्या उद्योगांचा रस्ता धरला. पण त्यांच्या कसोटीवर सरकारी योजना मात्र तपासता येते. १ एप्रिल २०१७ ला केंद्राची ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजना भिवंडीतूनच सुरू झाली. त्यात जुने माग सुधारायला मदत होती, मागांसाठी सौरऊर्जेलाही मदत होती. साठ्याकडून प्रवाहाकडे जाणारं हे पाऊल बरोबरच आहे. फक्त सूर्यावर चाललेल्या मागाचं कापडही शेवटी रंगवायलाच जातं. त्या पाण्याचा खर्च मागवाला, व्यापारी आणि ब्रँड यांच्यात वाटला जाईपर्यंत नदीचा रकाना कोराच राहणार.

ई. एफ. शूमाकर यांनी १९७३ च्या ‘स्मॉल इज ब्युटिफुल’मध्ये कुमारप्पांचा दाखला दिला आणि ते पुस्तक जगभर गेलं. कुमारप्पांचं मूळ पुस्तक मात्र आपल्याकडे फारसं कुणी उघडत नाही. गांधीजींची प्रस्तावना असूनही. ३० जानेवारी १९६० ला, गांधीजींच्याच पुण्यतिथीला, कुमारप्पा गेले. वर्ध्यातलं मगन संग्रहालय, ज्याचं उद्घाटन गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ ला केलं होतं, आजही पाहता येतं.