बाबांची फाईल आणि टोपीवाले ए

मागच्या महिन्यात शेवटी संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली. बदलली म्हणजे बदलावीच लागली. जुनीला मिळणारी सुरक्षेची ठिगळं बंद झाली होती आणि रोज सकाळी पडद्यावर तशी सूचना उगवायची. एक रात्र डाउनलोड, तीनदा रीस्टार्ट, नव्वद टक्क्यांवर पाऊण तास रुसून बसलेला आकडा... सकाळी प्रिंटर ओळखेना. स्कॅनर तर त्याच्या लेखी जन्मालाच आला नव्हता. इथवर सगळं सोसलं. मग बाबांची फाईल उघडली.

बाबांनी २००१ साली आपल्या आठवणी दोन बोटांनी टंकून ठेवल्या होत्या. कऱ्हाडचं बालपण, प्रीतिसंगमावरच्या संध्याकाळी आणि ११ डिसेंबर १९६७ची ती पहाट, कोयनेच्या भूकंपाची. एकूण एकेचाळीस पानं. आता बाबा नाहीत. आणि पडद्यावर काय? डॉलरच्या खुणा, अर्धविराम, टोप्या घातलेले फ्रेंच ए. मराठीचं एक अक्षर नाही!

फाईल बिघडली नव्हती. ती पहिल्यापासून अशीच होती, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. त्या काळचे बहुतेक मराठी फाँट म्हणजे एक सोंग होतं. संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरंच टंकत होतात. फाँट फक्त त्या अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा रंगवून दाखवायचा. घरं सगळी मिळून २५६, त्यात अर्धी अक्षरं, काने, वेलांट्या, रफार कोंबायचे. कुठला तुकडा कुठल्या घरात, हे प्रत्येक फाँटवाल्याने आपापलं ठरवलं. नव्या यंत्रणेत तो फाँट नव्हता, सोंग उतरलं, खालचं इंग्रजी उघडं पडलं. बाबांचं सॉफ्टवेअरही चालेना. ते १६-बिटचं, आणि ६४-बिटच्या विंडोजमध्ये तसले प्रोग्रॅम चालवायची सोयच नसते.

गंमत म्हणजे बाबांनी टंकलं तेव्हा यावरचा उपाय दहा वर्षांचा झाला होता. पुण्यात १९८८मध्ये सी-डॅक सुरू झालं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं 'जिस्ट'चं काम तिथे पुढे वाढलं. १९९१ साली 'इस्की' हे भारतीय मानक आलं. त्यात कल्पना फार साधी आणि फार शहाणी होती : अक्षराचा आकार नाही, उच्चार साठवायचा. 'क' तो 'क'च, मग तो अर्धा दिसो की जोडाक्षरात लपो. दाखवायचा कसा ते यंत्राने बघावं. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरच बेतली. विंडोज २०००मध्ये 'मंगल' फाँटसकट हे घरच्या संगणकापर्यंत आलंही. पण छपाईवाले, कचेऱ्या, वर्तमानपत्रं कितीतरी वर्षं जुन्या सोंगातच राहिली. आपण ब्लॉगवाले मात्र बरहा, गमभन असं काय काय वापरत युनिकोडात लवकर आलो. (एवढी एक फुशारकी मारू द्या!)

असो. भावाकडच्या एका सीडीवर तो फाँट सापडला. बसवला, आणि बाबा पुन्हा मराठीत बोलू लागले. पण हे नुसतं दिसणं. फाईल आत्याच्या फोनवर पाठवली की पुन्हा टोपीवाले ए. म्हणून युनिकोडात बदलायला घेतली, तर नवीनच तमाशा.

जुन्या फाँटात टाईपरायटरसारखी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकत आणि रफार नंतर. युनिकोडात बरोबर उलटं : आधी उच्चारलं जाईल ते आधी. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला हे अर्धवटच ठाऊक असावं. 'आणि'चं 'आिण' झालं, 'वर्ष'चं 'वषर्'. आणि कऱ्हाडचं 'कर्हाड'! आपला हा आडवा र युनिकोडात दोन रीतींनी लिहिता येतो. एकात नुक्त्याचा र आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच. शोधाच्या खिडकीला मात्र ती दोन वेगळी गावं वाटतात.

शेवटी प्रोग्रॅमवर विसंबणं सोडलं. डावीकडे जुन्या फाँटातलं पान, उजवीकडे नवं, आणि मी ओळीओळीने दुरुस्त करत बसते. एका पानाला तासभर लागतो. बाबांच्या स्वतःच्या चुका तशाच ठेवल्यात, ते 'सुद्धा' नेहमी 'सुध्दा' असंच लिहायचे. काल रात्री सतराव्या पानापर्यंत आले. भूकंप तेविसाव्यावर आहे. आत्याला सांगून ठेवलंय, पुढच्या रविवारी फोनवर पाठवते म्हणून. ती म्हणाली, "अगं, अक्षर जरा मोठं ठेव."