रिद्धपूर आणि नाट्यलेखनाची शाळा

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे थोर क्षेत्र. श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य येथे होते. त्यांच्या आज्ञेवरून महदंबेने आपले धवळे येथेच रचले. इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी याच गावी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात येथे मराठी भाषा विद्यापीठाची घोषणा झाली आणि २०२४ मध्ये महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक डॉ. अविनाश आवलगावकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. अशा ठिकाणी पदव्युत्तर वर्गात नाट्यलेखन शिकवावयाचे झाल्यास आरंभ कोठून करावा? आमच्या मते म्हाइंभटांपासून.

‘लीळाचरित्र’ हे नाटक नव्हे. परंतु नाटककाराची पहिली साधना त्यात आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर त्यांच्या लीळा विस्मृतीत जाऊ नयेत म्हणून म्हाइंभट ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे गेले, त्यांचे बोल टिपले व नागदेवाचार्यांकडून पारखून घेतले. सांगणाऱ्यांच्या स्मृतीत अंतर पडले तेथे भिन्न पाठही जपले गेले. म्हणून एकेका लीळेत स्थळ, माणसे व त्यांचे तुटक, जिवंत बोलणे समोर उभे राहते. पंथातील विद्वान संस्कृताकडे वळू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना रोखले. साध्यासुध्या वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, ही त्यांची चिंता होती.

आम्हां ख्रिस्ती वाचकांस हा प्रश्न परका नाही. येशूसंघाच्या १५९९ च्या शिक्षणनियमावलीने विद्यालयांतील नाटके लॅटिनमध्येच असावीत असा दंडक घातला होता. त्याच संघाचे फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले आणि १६१६ मध्ये त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, ते मराठीत. विद्यालयाची भाषा एक आणि लोकांची दुसरी, हे त्यांनी ओळखले होते.

विद्वत्सभेने लोकांची वाणी नाकारल्याचे उदाहरण मराठी नाटकाच्या उगमाशीच आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिले. त्यात कुणबी दांपत्य आहे, त्यांना लुबाडणारा जोशी आहे, विदूषक आहे आणि शिक्षणाची वाट दाखविणारा पाद्रीही आहे. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते स्वीकारले नाही. नाटक छापून वाचकांहाती पडावयास १९७९ साल उजाडले. सव्वाशे वर्षे मराठी रंगभूमी या संहितेवाचून राहिली.

विद्यापीठात नाट्यलेखन शिकविण्याचा प्रघात विसाव्या शतकातला. हार्वर्ड येथे जॉर्ज पिअर्स बेकर यांच्या वर्गात १९१४ मध्ये यूजीन ओनील शिकावयास आले. वॉशिंग्टनच्या कॅथॉलिक विद्यापीठात १९३७ मध्ये डॉमिनिकन धर्मगुरू गिल्बर्ट हार्टकी यांनी नाट्यविभाग उभारला. आपल्याकडे पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ मध्ये, तर मुंबई विद्यापीठाची नाट्यअकादमी २००३ मध्ये सुरू झाली. तथापि विजय तेंडुलकरांचे शालेय शिक्षणही अपुरे राहिले होते. सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे पदवीधर. महेश एलकुंचवारांनी नागपुरात इंग्रजीचे अध्यापन केले. मग पदवी कशासाठी, असे कोणी विचारील.

प्रतिभा वर्गात देता येत नाही, हे खरे. परंतु दोन गोष्टी देता येतात. पहिली, कान लावून ऐकण्याची शिस्त. दुसरी, लिहिलेले इतरांपुढे वाचून तपासून घेण्याची नम्रता. म्हाइंभटांनी दोन्ही पाळल्या. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त विदर्भातील घर बोलते, ते अशाच ऐकण्याचे फळ होय.

तेव्हा रिद्धपुरी नाट्यलेखनाचा वर्ग भरला, तर विद्यार्थ्याने पहिले सत्र आठवडी बाजारात, शेतावर, आजारी माणसाच्या उशाशी बसून काढावे. कोण काय बोलले, हे सुधारणा न करता लिहावे व ज्याचे त्यास वाचून दाखवावे. सिद्धांतग्रंथ त्यानंतर. आणि परीक्षकांच्या मेजावर ‘तृतीय रत्ना’ची एक प्रत कायम असावी. एखाद्या शेतमजुराच्या मुलीने वऱ्हाडीत लिहिलेली संहिता पुढे येईल, त्या दिवशी ती उघडून पाहावी लागेल.