स्थायी समिती, महानगरपालिकेची

स्थायी समिती : महानगरपालिकेच्या खर्चावर आणि कारभारावर नगरसेवकांमार्फत देखरेख ठेवणारी वैधानिक समिती. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार तिच्यात १६ नगरसेवक असतात. पक्षांच्या सभागृहातील संख्याबळानुसार जागा वाटल्या जातात. दरवर्षी निम्मे सदस्य निवृत्त होतात; पहिल्या वर्षी ही नावे चिठ्ठी काढून ठरतात. सदस्य आपल्यातूनच सभापती निवडतात. मुंबई महानगरपालिकेला १८८८ चा स्वतंत्र अधिनियम लागू असून तेथील समिती आकाराने मोठी आहे.

आयुक्त अर्थसंकल्पाचा मसुदा प्रथम या समितीपुढे मांडतात. समितीच्या फेरफारांसह तो सर्वसाधारण सभेकडे जातो. ठरावीक रकमेवरील कंत्राटांना समितीची मंजुरी लागते. मुख्य लेखापरीक्षक हिशेबांच्या साप्ताहिक तपासणीचा अहवाल समितीला देतो.

देखरेखीचे खरे हत्यार म्हणजे बैठकीची विषयपत्रिका. रस्त्याच्या कामाची निविदा अंदाजित दरापेक्षा चढ्या दराने आली, तर सदस्य दरांचे पृथक्करण मागतात, ठेकेदाराची आधीची कामे विचारतात आणि उत्तर न पटल्यास विषय तहकूब ठेवतात किंवा फेरविचारासाठी परत पाठवतात. मात्र खर्च मंजूर करणारी आणि त्यावर लक्ष ठेवणारी समिती एकच असल्याने आणि तिच्यात सत्ताधाऱ्यांचे बहुमत असल्याने तपासणीची धार बरेचदा विरोधी सदस्यांच्या अभ्यासावर अवलंबून राहते.

महानगरपालिकेची मुदत संपून प्रशासक आला, की समितीचे अधिकारही त्याच्याकडे जातात. मुंबईत मार्च २०२२ मध्ये असेच घडले. आयुक्तच प्रशासक झाल्याने प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच झाला.