कार्डावर नसलेला खेळाडू

गेल्या ईदला न्यू जर्सीहून आलेल्या भाच्याने माझ्या हातात एक छोटं कार्ड ठेवलं. काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं, पांढरी चौकट, सपाट रंगाची पार्श्वभूमी, खाली खेळाडूचं नाव. "मामू, हे जुन्या बेसबॉल कार्डासारखं आहे, पण नवं आहे." मागे 'पीडमाँट' या सिगारेटचं नाव होतं. "सिगारेटबरोबर मिळालं?" "नाही, नुसतं नाव. जुन्यावर होतं म्हणून."

मग मी त्या जुन्या कार्डाच्या मागे लागलो. अमेरिकन टोबॅको कंपनीने 1909 ते 1911 या काळात सिगारेटच्या पाकिटात ही कार्डं घातली. पाकीट दबू नये, हा जाड कागदाचा एक उपयोग. आणि मालिका पुरी करायची म्हणून गिऱ्हाईक परत येई, हा दुसरा. 'टी 206' हे नाव कंपनीचं नव्हे. जेफरसन बर्डिक नावाच्या संग्राहकाने सूची करताना ते दिलं. मालिकेत पाचशेवर कार्डं आहेत. खेळाडूंचे फोटो घेऊन शिळाछापाने एकावर एक रंग चढवलेले, त्यामुळे चेहरे फोटोपेक्षा चित्रासारखे वाटतात.

यातलं सर्वांत प्रसिद्ध कार्ड पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरचं. त्याने परवानगी नाकारली आणि छपाई थांबली. मुलांनी तंबाखूची पाकिटं घेऊ नयेत म्हणून, असं काही सांगतात. पैसे मिळाले नाहीत म्हणून, असं दुसरे सांगतात. (तो स्वतः तंबाखू चघळायचा, ही गंमत वेगळीच.) उरलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक 2022 मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला विकली गेली.

वॅग्नर शॉर्टस्टॉप होता, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक. त्याच काळात त्याच जागेवर जॉन हेन्री लॉइड खेळत होता. 1910 साली तो शिकागोच्या लेलंड जायंट्समध्ये होता. लोक त्याला 'काळा वॅग्नर' म्हणत, आणि अशी तुलना होते हा आपला सन्मान आहे, असं खुद्द वॅग्नर म्हणाल्याचं सांगतात. या मालिकेत लॉइड नाही. एकही कृष्णवर्णीय खेळाडू नाही. 1884 मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर टोलेडोकडून मोठ्या लीगमध्ये खेळला होता. पुढे लेखी नियम न करताच दार बंद झालं, ते 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सनसाठी उघडलं. कार्ड छापणाऱ्याला कुणाला वगळावंच लागलं नाही. त्याच्याकडे यादी आली तीच गाळून.

आता नवी नक्कल. टॉप्स कंपनीने 2001 पासून आपल्याच 1952 च्या कार्डांची धाटणी 'हेरिटेज' नावाने परत आणली, 2002 मध्ये टी 206 ची. मूळ कार्डं दुर्मीळ झाली ती फेकली गेली म्हणून. 1952 चा न खपलेला माल तर कंपनीनेच 1960 मध्ये समुद्रात बुडवला. नव्यांत काही कार्डं दुर्मीळ व्हावीत म्हणून मुद्दाम कमी छापतात. मला हा धंदा फारसा आवडत नाही. पण 2002 च्या त्या मालिकेत जपानचा इचिरो आहे, आणि भाच्याने दिलेल्या कार्डावर आजचा एक कृष्णवर्णीय खेळाडू त्याच पांढऱ्या चौकटीत बसलेला आहे. 1910 मध्ये ती चौकट त्याला मिळाली नसती.

हे पाहून बरं वाटलं, आणि लगेच धास्तीही वाटली. कार्ड मी नववीच्या वर्गात फिरवलं. शंभर वर्षांपूर्वीची धाटणी आहे एवढंच सांगितलं. एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे तेव्हा तिकडे सगळे एकत्रच खेळायचे ना?"

तिचं चुकलं नव्हतं. कार्ड तेच सांगत होतं. असल कार्ड अन्यायी होतं, पण कोण नव्हतं हे त्यात मोजता येतं. नक्कल सगळ्यांना जागा देते आणि तेवढ्यात ती रिकामी जागा बुजवते. मी फळ्यावर दोन नावं लिहिली, वॅग्नर आणि लॉइड. एकाला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये 1936 साली घेतलं, दुसऱ्याला 1977 साली, मृत्यूनंतर. मुलांनी वजाबाकी केली: 41 वर्षं.

कार्डाच्या समोरच्या बाजूला साल नाही. घरी आल्यावर ते पाकिटात घातलं आणि पाकिटावर पेन्सिलीने छपाईचं साल लिहिलं: 2020.